एका प्रॉक्सीमागे विंडोज, लिनक्स आणि मॅक

लेखा विभागात विंडोज, सर्व्हरच्या खोलीत लिनक्स, जाहिरात आणि छपाईच्या कामाला मॅक, आणि प्रत्येकाच्या हातात अँड्रॉइड फोन किंवा आयफोन. मध्यम आकाराच्या संस्थेचे नेटवर्क आज साधारण असेच दिसते. या सगळ्या यंत्रांना इंटरनेट मात्र एकाच प्रॉक्सी फायरवॉलमधून द्यायचे असते, कारण बाहेर काय जाते आणि आत काय येते यावर संस्थेला नजर ठेवायची असते. पहिल्या दिवशी विंडोजवरचा ब्राउझर सुरळीत चालतो आणि काम फत्ते झाले असे सगळ्यांना वाटते. दुसऱ्या दिवशी लिनक्सवर नवे पॅकेज उतरत नाही, मॅकवर ब्राउझर चालतो पण टर्मिनल अडते, फोनवरची निम्मी अॅप्स नुसती फिरत राहतात. तक्रार एकच येते: फायरवॉल बिघडली.

फायरवॉल बहुधा ठीकच असते. प्रॉक्सीचे काम एकट्या फायरवॉलच्या भरवशावर होत नाही, आतल्या यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रामने तिला साथ द्यावी लागते, आणि ही साथ कुठे व कशी द्यायची हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने आपापल्या परीने ठरवले आहे. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नावर निघालेली बरीच उत्तरे विंडोज डोळ्यांसमोर ठेवून निघाली. जिथे बहुसंख्य यंत्रे विंडोजची, तिथे ती खपूनही गेली. उरलेल्या यंत्रांचे हाल झाले, आणि त्यांचा दोषही त्यांच्याच माथी मारला गेला.

साध्या पॅकेट फिल्टरला आतल्या यंत्राच्या साथीची गरज नसते. तो पॅकेटवरचा पत्ता आणि पोर्ट बघतो, जाऊ देतो किंवा अडवतो. प्रॉक्सी आतल्या यंत्राचे बोलणे स्वतःपाशीच थांबवते आणि बाहेरच्या सर्व्हरशी स्वतः नवे बोलणे सुरू करते. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये बिल चेस्विक यांनी अशा प्रवेशद्वाराची रचना १९९०मध्ये मांडली. १९९२मध्ये डेव्हिड आणि मिशेल कोब्लास यांनी सॉक्स ही प्रॉक्सीची पद्धत मांडली. त्यात प्रोग्रामच बदलून घ्यावा लागे, म्हणजे मूळ कोड हाताशी असलेल्या युनिक्सवाल्यांची सोय आणि बाकीच्यांची पंचाईत. १९९३मध्ये मार्कस रॅनम यांचे टीआयएस फायरवॉल टूलकिट आले. १९९४मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या वेब परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन अल्टिस यांनी वेब प्रॉक्सीची पद्धत सांगितली: ब्राउझरने थेट सर्व्हरकडे न जाता पूर्ण पत्ता प्रॉक्सीच्या हाती द्यायचा. आज आपण वापरतो ती पद्धत मुळात हीच. १९९६मध्ये हार्वेस्ट प्रकल्पातून फुटून स्क्विड निघाला. तो मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि त्याचे ३१२८ हे पोर्ट आजही असंख्य कॉलेजांच्या आणि कचेऱ्यांच्या सेटिंगमध्ये दिसते.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर गावोगावी उभ्या राहिलेल्या सायबर कॅफेंत एकच फोन लाइन सगळ्या यंत्रांना वाटायला विनगेटसारखे प्रॉक्सी सॉफ्टवेअर वापरात आले. तिथे बहुतेक यंत्रे विंडोजचीच असल्याने मिश्र नेटवर्कचा प्रश्न फारसा उभा राहिला नाही. तो उभा राहिला इंजिनिअरिंग कॉलेजांत, संशोधन संस्थांत आणि मोठ्या कंपन्यांत.

मोठ्या कंपन्यांत या प्रश्नाला वळण दिले ते मायक्रोसॉफ्टने. १९९६मध्ये तिचा प्रॉक्सी सर्व्हर आला, पुढे त्याचे आयएसए सर्व्हर झाले आणि शेवटी फोरफ्रंट टीएमजी. या घराण्यात आतल्या यंत्रांचे तीन वर्ग पडत. वेब प्रॉक्सीचे ग्राहक म्हणजे कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवरचे ब्राउझर. फायरवॉल क्लायंट हे फक्त विंडोजवर बसणारे सॉफ्टवेअर होते. ते बसवले की यंत्रावरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम आपोआप प्रॉक्सीतून जाई आणि वापरणाऱ्याची ओळखही सोबत नेई. तिसरा वर्ग सिक्युअरनॅटचा: फायरवॉलला गेटवे मानून सरळ चालणारी यंत्रे, म्हणजे लिनक्स, मॅक, प्रिंटर आणि उरलेले सगळे. या तिसऱ्या वर्गाला आपण कोण हे सांगण्याची सोयच नव्हती. प्रशासकाने नियमात ‘ओळख पटलेल्यांनाच प्रवेश’ असे लिहिले की विंडोज आत आणि लिनक्स बाहेर. नियम लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसे, पण परिणाम तोच होई. टीएमजीचा विस्तारित आधार १४ एप्रिल २०२० रोजी संपला, तरी त्या काळात लिहिलेले नियम नव्या फायरवॉलवर जसेच्या तसे उतरवलेले अजून सापडतात.

सेटिंग नेमके राहते कुठे, यात सर्वाधिक वेळ जातो. विंडोजवर ते दोन ठिकाणी असते. ब्राउझर आणि बहुतेक वापरकर्त्याचे प्रोग्राम विनआयनेटचे सेटिंग वाचतात, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसेस विनएचटीटीपीचे. पहिले भरले आणि दुसरे राहिले की ब्राउझर चालतो पण एखादी सर्व्हिस मुकी बसते. मॅकवर प्रॉक्सी प्रत्येक नेटवर्क जोडणीसाठी वेगळी भरावी लागते: वायफायला भरलेली केबलला लागू होत नाही. शिवाय टर्मिनलमधला कर्ल सिस्टिम सेटिंग्जमधली प्रॉक्सी वाचतच नाही. लिनक्सवर सगळ्यांना बांधणारी एकच जागा नाही. तिथे रूढी आहे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे एचटीटीपी_प्रॉक्सी, एचटीटीपीएस_प्रॉक्सी आणि नो_प्रॉक्सी. ही रूढी आहे, नियम नाही, त्यामुळे प्रत्येक प्रोग्राम ती आपल्या समजुतीप्रमाणे पाळतो. सुडो वापरले की व्हेरिएबल बहुधा गळून पडतात, म्हणून डेबियन आणि उबुंटूवर एपीटीच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रॉक्सी लिहिणे बरे. रेड हॅटच्या कुळात डीएनएफची फाइल वेगळी. डॉकरची सर्व्हिस तुमच्या शेलचे व्हेरिएबल पाहत नाही, तिला वेगळे सांगावे लागते, आणि कंटेनरच्या आतल्या प्रोग्रामला पुन्हा वेगळे. जावाला सुरू होतानाच प्रॉक्सीचे नाव आणि पोर्ट द्यावे लागते.

व्हेरिएबलचे नाव कॅपिटल अक्षरांत लिहायचे की स्मॉल, यावरही एकमत नाही. कर्ल एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव फक्त स्मॉल अक्षरांतच मानतो आणि त्याला सबळ कारण आहे. वेब सर्व्हरवर सीजीआयने चालणाऱ्या प्रोग्रामकडे बाहेरून ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर आला की त्याचे कॅपिटल अक्षरांतले तेच व्हेरिएबल बनते, म्हणजे कुणीही परका तुमच्या सर्व्हरची प्रॉक्सी बदलू शकतो. २०१६मध्ये हा दोष अनेक भाषांच्या लायब्ररींत सापडला आणि एचटीटीपॉक्सी या नावाने गाजला. नो_प्रॉक्सीची गतही अशीच आहे. कुणी आयपी पत्त्यांचा अख्खा पट्टा समजतो, कुणी फक्त डोमेनच्या नावाचा शेवटचा भाग जुळवतो, कुणाला आरंभीचा टिंब लागतो, कुणाला चालत नाही. आतल्या सर्व्हरकडे जाणारी विनंती प्रॉक्सीकडे जाऊन आपटते तेव्हा दोष बहुतेक वेळा इथेच असतो.

हे सगळे यंत्रागणिक हाताने भरणे शक्य नाही, म्हणून नेटस्केपने १९९६च्या सुमारास पॅक फाइल आणली. ती जावास्क्रिप्टची छोटीशी फाइल असते. कुठला पत्ता थेट आणि कुठला प्रॉक्सीतून, हे त्यातले एकच फंक्शन सांगते. विंडोज, मॅक, फायरफॉक्स, क्रोम, आयफोन सगळे ती वाचतात. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे पोचतो, आणि दोन प्रॉक्सी असतील तर एक बंद पडल्यावर दुसरीकडे वळण्याची सोयही तिच्यात आहे. मिश्र नेटवर्कसाठी इतके चांगले साधन दुसरे नाही असे माझे मत आहे. मर्यादा एकच आहे: कर्ल, एपीटी, गिट यांसारखे टर्मिनलमधले प्रोग्राम ती वाचत नाहीत. म्हणजे माणसांच्या यंत्रांना पॅक आणि सर्व्हरना स्थिर पत्ता, अशी विभागणी करावीच लागते.

पॅक फाइल कुठे आहे हे यंत्राने आपोआप शोधावे यासाठी १९९९मध्ये डब्ल्यूपॅड आले. डीएचसीपीच्या २५२ क्रमांकाच्या पर्यायातून किंवा ‘डब्ल्यूपॅड’ या नावाच्या डीएनएस शोधातून यंत्र फाइल मिळवते. सोयीचे आहे, पण त्या नावाने उत्तर देणाऱ्या कुणावरही यंत्र विश्वास ठेवते. २०१६मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्टने इशारा दिला की संस्थेत वापरलेली डोमेन नावे बाहेरच्या जगात कुणी नोंदवली तर लॅपटॉप संस्थेबाहेर जाताच त्याची सारी वाहतूक परक्याच्या हाती जाऊ शकते. पॅकचा पत्ता ग्रुप पॉलिसीने किंवा फोन-लॅपटॉपच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरने स्पष्ट द्यावा आणि आपोआप शोध बंद ठेवावा, हे उत्तम.

मिश्र नेटवर्कमध्ये सर्वाधिक अन्याय होतो तो ओळख पटवण्याच्या टप्प्यावर. प्रॉक्सी ओळख मागते तेव्हा ४०७ क्रमांकाचे उत्तर देते. त्यावर काय द्यायचे याचे तीन मार्ग रूढ आहेत. बेसिक सगळीकडे चालते, पण त्यात पासवर्ड जवळपास उघडाच जातो. प्रॉक्सीपर्यंतची जोडणी कूटबद्ध नसेल तर आतल्या नेटवर्कवर कान लावून बसलेला कुणीही तो वाचू शकतो. दुसरा मार्ग एनटीएलएमचा, मायक्रोसॉफ्टचा खासगी. विंडोजवर लॉग-इन केलेल्या माणसाला तो काही विचारत नाही, म्हणून प्रशासकांना प्रिय. पण त्यात प्रत्येक नव्या जोडणीला तीन फेऱ्या होतात, आणि ओळख विनंतीला न चिकटता जोडणीला चिकटते. स्क्विडच्या लॉगमध्ये नव्या जोडणीवरच्या पहिल्या यशस्वी भेटीआधी नकाराच्या दोन ओळी दिसतात त्या यामुळे. नवखा माणूस त्या पाहून घाबरतो.

लिनक्सवरच्या अनेक प्रोग्रामना एनटीएलएम बोलताच येत नाही. मग सीएनटीएलएमसारखा मध्यस्थ यंत्रावरच बसवायचा, त्याला पासवर्डचा हॅश द्यायचा, आणि बाकीच्या प्रोग्रामना त्याच्याकडे पाठवायचे, असा तोडगा वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चालतो, पण पासवर्ड बदलण्याची तारीख आली की माणूस विंडोजवर पासवर्ड बदलतो आणि लिनक्सवरची फाइल विसरतो. मध्यस्थ जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतो आणि थोड्या वेळात त्या माणसाचे खातेच लॉक होते. अशा दोन-तीन घटना झाल्या की ‘लिनक्स इथे नकोच’ असा निर्णय होतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उबुंटू टाकलेली यंत्रे नेट चालत नाही या एकाच कारणासाठी पुन्हा विंडोजवर नेलेली मी पाहिली आहेत. तिथल्या मुलांच्या मनात लिनक्सविषयी जी अढी बसली ती सहज जाणारी नाही, आणि त्यात लिनक्सची चूक काहीच नव्हती.

तिसरा मार्ग कर्बेरॉसचा. एमआयटीत जन्मलेला, खुल्या मानकांत असलेला आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्याही मुळाशी असलेला. तो एचटीटीपीवर कसा वापरायचा हे २००६च्या आरएफसी ४५५९मध्ये आहे. सफारी, क्रोम, फायरफॉक्स, कर्ल, स्क्विड सगळ्यांना तो येतो. लिनक्सवर सकाळी एकदा तिकीट घेतले की त्याची मुदत असेपर्यंत पासवर्ड विचारला जात नाही. दोन पथ्ये मात्र कडक आहेत. प्रॉक्सीचे पूर्ण नाव लिहायला हवे, आयपी पत्ता लिहिला की तिकीट जुळत नाही. आणि सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत, कारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा खपत नाही. मायक्रोसॉफ्टने जून २०२४मध्ये एनटीएलएमच्या सगळ्या आवृत्त्या कालबाह्य ठरवल्या. आता नवी रचना एनटीएलएमवर उभारण्याला कुठलेच समर्थन उरलेले नाही. प्रिंटर, कॅमेरे आणि माणसाविना चालणारे सर्व्हर यांना ओळख न विचारता, पण मोजक्याच ठिकाणी जाऊ देणारा वेगळा नियम लिहावा.

एचटीटीपीएसच्या बाबतीत वाद जास्त आहे. साध्या रचनेत ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ म्हणतो, प्रॉक्सी दोन टोके जोडून देते आणि आतले काही वाचत नाही. तिला सर्व्हरचे नाव कळते, पान कळत नाही. अनेक संस्थांना तेवढ्याने समाधान होत नाही. मग प्रॉक्सी प्रत्येक साइटचे स्वतःच सही केलेले सर्टिफिकेट बनवून देते आणि मजकूर उघडून तपासते. यासाठी संस्थेचे मूळ सर्टिफिकेट प्रत्येक यंत्राच्या विश्वासयादीत घालावे लागते, आणि इथेही ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या वाटेने जातात. विंडोजवर ग्रुप पॉलिसीने एका झटक्यात होते. मॅकवर कीचेन. डेबियन कुळाची एक डिरेक्टरी, रेड हॅटची दुसरी. फायरफॉक्सची स्वतःची यादी, जावाची स्वतःची, पायथनच्या अनेक लायब्ररींची स्वतःची, नोडला वेगळे व्हेरिएबल. आयफोनवर सर्टिफिकेट हाताने बसवले तर त्यावरचा विश्वास सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा वेगळा चालू करावा लागतो. अँड्रॉइड ७पासून वापरकर्त्याने घातलेले सर्टिफिकेट अॅप्स मुळात मानतच नाहीत. अॅपलच्या स्वतःच्या सेवा अशी उघडलेली जोडणी सरळ नाकारतात, आणि अॅपल तसे आपल्या कागदपत्रांत लिहूनही ठेवते.

यादी एवढी लांबली की कुठेतरी काहीतरी राहतेच. मग त्रासलेला प्रोग्रामर सर्टिफिकेटची तपासणीच बंद करणारा पर्याय वापरतो. गिटला, कर्लला, पिपला तसे सांगता येते, आणि एकदा सांगितलेले कुणी परत काढत नाही. सुरक्षेसाठी उभारलेली यंत्रणा अशा रीतीने सुरक्षेची सवयच मोडते. २०१७मध्ये एनडीएसएस परिषदेत मांडलेल्या अभ्यासात मजकूर मधेच उघडणारी अनेक उत्पादने तपासली गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच उत्पादनांनी जोडणी मुळापेक्षा कमकुवत केल्याचे आढळले. सरसकट सगळे उघडणे चूक आहे असे मला ठामपणे वाटते. माणसाचे बँकेचे, दवाखान्याचे व्यवहार उघडण्याचा नैतिक अधिकार संस्थेला नाही, आणि विंडोज सोडून इतर यंत्रांवर तांत्रिक हिशेबही जुळत नाही. नाव पाहून जाऊ देणे किंवा अडवणे एवढ्यावर बहुतेक संस्थांचे काम भागते. ज्यांना उघडणे खरोखर भाग आहे त्यांनी मोजक्या साइट्सपुरते आणि आपल्या पूर्ण ताब्यातल्या यंत्रांपुरते ते ठेवावे, आणि लोकांना तसे लेखी कळवावे.

‘यंत्रावर काहीच भरायला नको, वाहतूक वाटेतच वळवा’ असा सल्ला विक्रेते हमखास देतात. ही पारदर्शक प्रॉक्सी. सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सना ती सारखीच वागवते हे खरे, पण ४०७ विचारून ओळख पटवता येत नाही, कारण समोरच्या प्रोग्रामला आपण प्रॉक्सीशी बोलतोय हेच माहीत नसते. पाहुण्यांच्या वायफायला आणि खासगी फोनना ती ठीक. कामाच्या यंत्रांना नाही.

अलीकडच्या दोन बदलांनी जुन्या रचना हलवल्या. एक क्विक: २०२१मध्ये मानक झालेली, यूडीपीवर चालणारी वाहतूक, आणि तिच्यावर उभा एचटीटीपी-३. नेहमीची वेब प्रॉक्सी तिला ओळखत नाही. फायरवॉलवर बाहेर जाणारे यूडीपी ४४३ बंद केले की ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतात. दुसरा बदल एचटीटीपीएसवरून जाणाऱ्या डीएनएसचा. ब्राउझर संस्थेच्या डीएनएसला वळसा घालू लागला की आतली नावे सापडेनाशी होतात. धोरण लावून तो बंद ठेवता येतो, पण विंडोज, मॅक आणि लिनक्सवर धोरण लावण्याच्या जागा पुन्हा वेगळ्या.

प्रॉक्सीने पाने साठवून बँडविड्थ वाचवावी ही जुनी अपेक्षा एचटीटीपीएसमुळे जवळपास संपली आहे. साठवण करायची तर अपडेटची करावी: विंडोजसाठी डब्ल्यूएसयूएस, उबुंटू-डेबियनसाठी स्थानिक मिरर किंवा एपीटी-कॅशर-एनजी, मॅक आणि आयफोनसाठी मॅकमध्येच असलेले कंटेंट कॅशिंग. तीन व्यवस्था सांभाळाव्या लागतात, पण महिन्याच्या अपडेटच्या दिवशी लाइन तुंबत नाही.

लॉगचा प्रश्न भारतात कायद्याचाही आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सगळी घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. सायबर कॅफेंच्या २०११च्या नियमांत तर प्रॉक्सीचे लॉग किमान एक वर्ष ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. लॉगमध्ये विंडोजवाल्यांची नावे आणि बाकीच्यांचे नुसते आयपी पत्ते असतील, तर काही घडल्यावर तपास अर्धवट राहतो. कर्बेरॉस सगळ्यांना लावण्यामागचे हेही एक मोठे कारण.

माझ्या मते हिताची रचना अशी: बाहेर जाणारी सगळी पोर्ट्स बंद, उघडी फक्त प्रॉक्सीसाठी. माणसांच्या यंत्रांना पॅक, सर्व्हरना स्थिर पत्ता. ओळखीला कर्बेरॉस. मजकूर उघडणे अपवाद म्हणून. खासगी फोनना वेगळे नेटवर्क. यांतले काहीच नवे किंवा महाग नाही, आणि स्क्विडवर हे सगळे परवान्याचा खर्च न करता उभे राहते.

तुमच्या संस्थेत नवी फायरवॉल घेण्याची निविदा निघणार असेल तर तिच्यात एक अट घालायला लावा. विक्रेत्याने प्रात्यक्षिक विंडोजच्या ब्राउझरवर न दाखवता आधी लिनक्सच्या टर्मिनलवर दाखवावे: एक पॅकेज उतरवावे, एक गिट रेपॉझिटरी आणावी, तीही सर्टिफिकेटची तपासणी चालू ठेवून. मग मॅक, मग फोन, आणि सर्वांत शेवटी विंडोज. जी फायरवॉल या क्रमाने चालून दाखवत नाही ती मिश्र नेटवर्कसाठी घेऊ नका.